सरांची गवाही

सरांना बैलाची भीती वाटायची. थोडीथोडकी नाही, चांगली रस्ता बदलायला लावणारी. नांदेडला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एका गवळ्याची म्हैस बांधलेली असे. तिलाही ते बैलातच धरत आणि लांबचा वळसा घालून घरी जात. अशा माणसानं लातूरच्या गंजगोलाईतल्या आमच्या दुकानासाठी एक अख्खा हंगाम खर्ची घातला, आणि आमचं दुकान तर बैलांच्या साजाचं. झुली, गोंडे, घुंगरमाळा, म्होरक्या, शिंगांना बसवायच्या पितळी शेंब्या. दर्शनी भिंतीवर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सजवलेल्या बैलजोडीचा भलामोठा फोटो लावलेला होता. सर पहिल्यांदा आले ते त्या फोटोकडं पाठ करून बसले, आणि पुढं तीच त्यांची कायमची जागा झाली.

मी नांदेडला इंजिनिअरिंगला होते तेव्हा ते आम्हाला शिकवायचे. उंच, किडकिडीत, आणि बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याची गुंडीसुद्धा लावलेली. हजेरी ते तास संपताना घेत, आणि नाव पुकारल्यावर नुसतं 'येस सर' म्हणून भागत नसे. आजच्या तासातलं काहीतरी एक सांगावं लागे. ज्याला काहीच सांगता आलं नाही तो गैरहजर. "तुझा देह आला होता, ते वॉचमननं बघितलं. मी तुझी गवाही देऊ शकत नाही," असं ते इतक्या शांतपणे म्हणत की ऐकणाऱ्याला भांडायलाही जागा राहत नसे.

गवाही हा त्यांचा लाडका शब्द. त्यांचे आजोबा निजामाच्या अमलात कुठल्याशा कचेरीत पेशकार होते आणि आपल्याला त्यांच्याकडून वारशात एवढा एकच शब्द मिळाला, बाकीचं सगळं चुलत्यांनी नेलं, असं ते सांगायचे. साक्ष म्हणा, पुरावा म्हणा, त्यांना चालत नसे. साक्ष माणूस कोर्टात देतो आणि घरी येऊन जेवतो, गवाही दिली की ती तुमच्या मागं मागं फिरते, असा काहीतरी फरक त्यांनी मनाशी करून ठेवला होता.

एक वर्ष कुणा वजनदार माणसाचे चिरंजीव सरांच्या लेखी वर्षभर गैरहजर निघाले. त्यानंतर सरांनी नोकरी सोडली की नोकरीनं सरांना, यावर आम्हा विद्यार्थ्यांत दोन तट होते. सरांना विचारलं तर ते म्हणत, आम्ही दोघंही एकमेकांच्या तासाला गैरहजर राहायला लागलो. पुढं त्यांनी घरात बसून एक नवंच काम सुरू केलं. इंटरनेटवर माल विकणाऱ्या दुकानदारांना, तुमच्या कुठल्या जाहिरातीनं खरोखर माल खपतो आणि कुठली नुसते डोळे गार करते, हे शोधून द्यायचं. या कामात गोदावरीच्या दोन्ही काठांना माझ्या तोडीचा माणूस नाही, हे ते स्वतःच सांगायचे. विनय हा गुण त्यांच्या अंगी औषधालाही नव्हता, आणि मला ते त्यांचं फार आवडायचं.

मी पुण्याची नोकरी सोडून दुकानात आले त्याला कारण थोरले काका. दुकान अप्पांचं आणि काकांचं सामाईक. काका उदगीरला असतात, कचेरीतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. गावोगाव ट्रॅक्टर आले, दावणी रिकाम्या झाल्या, तसं आमचं गिऱ्हाईकही आटत गेलं. मोबाइलची दुरुस्ती करणारा एक जण ती जागा भाड्यानं मागत होता. काका म्हणाले, या पोळ्यापर्यंत बघू, न्हाईतर देऊन टाकू. अप्पांनी मान डोलावली. पण अप्पा गोंडे स्वतः वळतात. रंगीत लोकरीचा गोंडा त्यांच्या हातात फिरत असताना त्यांचा चेहरा बघितला असेल तर दुकान गेल्यावर या माणसाचं काय होईल, हे वेगळं सांगायला लागत नाही. म्हणून मी त्याच साजाचं ऑनलाइन दुकान उघडलं होतं. आता उरलेल्या काही महिन्यांत ते चालतं हे काकांना पटवून देणं एवढंच माझ्या हातात होतं.

जाहिराती लावायचं काम मी आधी गावातल्याच एका हुशार माणसाकडं दिलं. त्यानं देवणीला जाऊन आमच्या एका सोयऱ्याच्या गोठ्यातल्या खोंडाला नखशिखांत साज चढवून फोटो काढला. काय खोंड होतं ते! पांढरंशुभ्र अंग, काळं तोंड, मान अशी की कुणीही थांबून बघावं. जाहिरात लागली आणि फोन वाजायला लागला तो थांबेना. पडद्यावरचे आकडे रोज वर चढत होते. जाहिरातवाला खूश, मी खूश, अप्पा तर दुपारचं जेवण विसरले. फक्त माल काही हलत नव्हता.

मग मी सरांना फोन केला. ते सकाळच्या एसटीनं आले, फोटोकडं पाठ करून बसले आणि म्हणाले, आज दिवसभर फोन मी उचलणार. लॅपटॉपची पिशवीसुद्धा उघडली नाही. पहिला फोन आला तो निलंग्याकडचा. माणसानं विचारलं, किती दाती हाय? सरांनी माझ्याकडं बघितलं. मी खुणेनं सांगितलं, बैलाचं वय विचारतोय. दुसऱ्यानं विचारलं, कामाला कसं हाय, मारकं तर न्हाई ना. तिसरा म्हणाला, इकायचं असंल तर आत्ता टेम्पो घेऊन येतो. संध्याकाळपर्यंत सर त्या खोंडाबद्दल इतकं ऐकून बसले होते की त्यांना घाम फुटला होता. गोंड्याबद्दल विचारणारे अगदी तुरळक निघाले.

"तुम्ही साज विकून राहिले, अन् लोक बैल मागून राहिले," सर म्हणाले. "अन् तुमचं यंत्र खूश आहे, कारण त्याला कुणी सांगितलंच नाही की फोन म्हणजे विक्री नव्हे."

हे त्यांनी अप्पांना समजावून सांगितलं ते मला अजून आठवतं. जाहिरात कुणाला दाखवायची हे ठरवणारं यंत्र तिकडं लांब कुठंतरी असतं. त्याला आपण कळवायचं असतं, की बाबा, हे झालं, हे आम्हाला हवं होतं. मग ते तसलीच आणखी माणसं हुडकतं. आमच्या जाहिरातवाल्यानं यंत्राला कळवलं होतं की फोनचं बटण दाबलं म्हणजे काम फत्ते. यंत्रानं इमानेइतबारे मराठवाड्यातले झाडून सगळे बैलशौकीन गोळा करून आणले. अप्पांनी गोंडा वळता वळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हंजे नवं खोंड औताला जुपल्यावानी हाय, पहिल्या तासाला जे वळन लावाल तेच घेनार. सर म्हणाले, मला औतातलं कळत नाही, पण तुमचं बरोबर वाटून राहिलं.

दुसरी भानगड अशी होती, की ही खबर पोचवायचं काम गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधूनच व्हायचं. आमच्याकडचे मोबाइल म्हणजे काय विचारता. रेंज गेली, चार्जिंग संपलं, पान मिटलं, की खबर वाटेतच राहिली. काही मोबाइल तर अशा खबरा मुद्दाम अडवतात. सरांनी म्हणून भाड्यानं एक सर्व्हर घेतला. म्हणजे आपल्या दुकानाचा स्वतःचा एक निरोप्या. यापुढं विक्रीची खबर गिऱ्हाइकाच्या मोबाइलनं द्यायची नाही, आपल्या निरोप्यानं द्यायची, आणि ती विक्री झाल्याची आपली खात्री पटल्यावरच. सर त्या सर्व्हरला गवाहीदार म्हणायचे. मी हसले तर म्हणाले, हसू नको, उद्यापासून तुझ्या दुकानाची इज्जत त्याच्या जबानीवर आहे.

खात्री कधी पटायची, यावरून पहिला खटका उडाला. आमच्याकडं पैसे आधी भरायची पद्धत नाही. माल दारात आला, डोळ्यांनी बघितला, की मग पैसे. आणि दारात आलेला माल परत पाठवायला लोक जराही लाजत नाहीत. मालक रानात गेलाय, सासऱ्याला रंग पसंत नाही, कुरिअरवाला उर्मट बोलला, कारण काहीही चालतं. सर म्हणाले, बटण दाबलं त्याची गवाही नाही. दारात घेतलं तर घेतलं. हा त्यांनी नियमच करून टाकला. त्याबरोबर पडद्यावरचा आकडा जो कोसळला तो बघून अप्पा दोन घास कमी जेवले. दारात घेतलं तर घेतलं, हे वाक्य पुढं आमच्या घरात इतकं रुळलं की आई भाजीवाल्याशी बोलतानाही तेच म्हणायला लागली.

सरांच्या सोवळ्याचे किस्से सांगायचे तर पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाचा फोन नंबर यंत्राकडं जातो तो जसाच्या तसा नाही, त्याचा पार चुरा करून, म्हणजे ओळख पटते पण नंबर वाचता येत नाही. तरीही सरांचं समाधान होईना. माणसाला विचारल्याशिवाय त्याची गवाही द्यायची नाही, असं म्हणून त्यांनी ऑर्डरच्या पानावर घालायला एक वाक्य रचायला घेतलं. सगळा दिवस त्यात गेला. शेवटी वाक्य झालं ते असं: 'तुम्ही हा माल घेतलात, एवढं आम्ही जाहिरात कंपनीला कळवू का? नको म्हणालात तरी माल येईल.' वाक्य लागल्यावर एका माणसाचा औशाहून फोन आला, म्हणाला, कळवा की, पन घरी बायकूला कळवू नगा. सरांनी त्याला गंभीरपणे वचन दिलं. जे नको म्हणाले त्यांची खबर सरांनी कधी पाठवली नाही. तेवढ्यानं आकडा अजून खाली आला.

आणि त्यांची चाचणी घ्यायची रीत. आपलं यंत्र बरोबर चालतंय का हे बघायला ते स्वतःच आमच्या दुकानातून माल मागवत. खोटी ऑर्डर टाकून रद्द करणं त्यांना मंजूर नव्हतं. माल निघाला पाहिजे, नांदेडला पोचला पाहिजे, कुरिअरवाल्यानं दाराची कडी वाजवली पाहिजे. अशा ऑर्डरींवर ते आधीच खूण करून ठेवत आणि यंत्राला त्यांची खबर जाऊ देत नसत. पण माल तर घरात येतच असे. मी एकदा त्यांच्या घरी गेले तर दिवाणखान्यातल्या खुंट्यांवर घुंगरमाळा, टीव्हीवर झूल आणि पूजेच्या पितळेबरोबर घासून ठेवलेल्या शेंब्या. सरांच्या घरच्या काकूंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, गोठ्याचं सगळं सामान जमलंय बघ, बैल तर मी लग्नातच आणला होता. सर आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, ही बोलते ते खरं असतं, म्हणून मी हिच्याशी वाद घालत नाही.

त्यांची एक सवय मात्र आम्हाला आधी खुळचट वाटली आणि तिनंच पुढं सगळं उघडं पाडलं. माल पोचला की दोन-तीन दिवसांनी ते स्वतः गिऱ्हाइकाला फोन लावत आणि एकच प्रश्न विचारत: बैलाला बसलं का? बस्स. आणखी घ्या म्हणायचं नाही, कौतुक करा म्हणायचं नाही. बैलाला हात लावायची ज्याची टाप नाही असा हा माणूस नांदेडच्या गच्चीवर उभा राहून अनोळखी शेतकऱ्यांशी मानेच्या घेराबद्दल तपशिलानं बोलत असे. कुणी सांगे म्होरकी सैल होते, कुणी सांगे घुंगराचा आवाज बारीक आहे. ते सगळं अप्पांपर्यंत येई आणि अप्पा माप बदलत.

श्रावण लागेपर्यंत गाडी रुळावर आली होती. आकडा लहान, पण रोज थोडा थोडा वर. बैल विकत मागणारे फोन जवळजवळ बंद झाले. यंत्राला कळायला लागलं होतं की आमचं गिऱ्हाईक कोण. आणि मग अचानक आकड्यानं उडी मारली. दारात घेतलेल्या मालाचा आकडा, म्हणजे सरांच्या नियमात बसणारा. शिरूर अनंतपाळ, देवणी, अहमदपूर, चोहीकडून ऑर्डरी. मी पेढे आणले. सरांनी पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाले, हा आकडा आला कुठून, बिलकुल समजत नाही.

ते म्हणत होते त्यात तथ्य होतं. त्या उडीनंतर आठवडाभरात खऱ्या शेतकऱ्यांच्या ऑर्डरी कमी व्हायला लागल्या. जाहिरात आता भलत्याच लोकांना दिसत होती. शाळेतले मास्तर, बँकेतले कारकून, फ्लॅटमध्ये राहणारे. ते बघत, आवडल्याचं कळवत आणि पुढं जात. ऑर्डरींच्या गर्दीत मागं पडलेले नेहमीचे फोन सरांनी करायला घेतले. पहिलाच फोन शिरूरला लागला. मी शेजारीच होते. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि पलीकडून एक तरणा आवाज म्हणाला, "बैल कुठून आनायचा सर? मी बँकेत हाय. अप्पामामा म्हनले एक साज मागव, म्हून मागवला. तसाच डब्यात हाय."

सरांनी फोन ठेवला. अप्पा समोरच होते. त्यांच्या हातातला गोंडा थांबला होता. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अप्पांनी गुपचूप भाचे, मेहुणे, व्याही, सगळ्या सोयऱ्यांना फोन लावले होते. प्रत्येकानं एक साज मागवायचा, दारात पैसे देऊन घ्यायचा, आणि पोरीला कळू द्यायचं नाही. सरांचा नियम अप्पांनी पक्का ध्यानात ठेवला होता. दारात घेतलं तर घेतलं. सोयऱ्यांनी दारात घेतलं होतं. बिचाऱ्या यंत्रानं बघितलं की साज घेणारा माणूस म्हणजे नोकरदार, चांगला मोबाइल असलेला, बैल नसलेला, आणि ते तसलीच माणसं हुडकत सुटलं.

मला अप्पांचा राग आला नाही, रडू आलं. ज्या माणसानं जन्मात कुणापुढं हात पसरला नाही त्यानं सोयऱ्यांच्या दारोदार फोन फिरवला होता. मला वाटलं आता सर चिडतील. सर चिडले नाहीत. ते खुर्ची ओढून अप्पांच्या जवळ बसले.

"अप्पा, चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी नियम केला, अन् समजलो की नियम केला म्हणजे गवाही खरी. तुमच्या मायेनं माझा नियम पार मोडून टाकला. मला बरं वाटून राहिलं, खरं सांगतो. पण यंत्राला माया कळत नाही. त्याला जे दाखवलं ते ते शिकतं."

एकदा कळवलेलं परत घेता येत नाही, असंही ते म्हणाले. आता पुढं फक्त खरं कळवत राहायचं आणि यंत्राला पुन्हा वळण लागायची वाट बघायची. सोयऱ्यांच्या ऑर्डरींवर त्यांनी आपल्या चाचणीच्या ऑर्डरींसारखीच खूण केली, त्या हिशेबातून काढल्या, आणि त्यातली नावं कुणाला दाखवली नाहीत. त्या ऑर्डरी ओळखायला त्यांनी माल घेतलेल्या एकूण एक माणसाला फोन केला. यापुढं बैलाला बसलं का याचं उत्तर आल्याशिवाय गवाहीदार तोंड उघडणार नाही, असा नवा नियम झाला. पोळा जवळ येत होता. जाहिरातीतलं काहीही हलवायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. मी फोटो बदलू का म्हणून विचारलं तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा वर्गात गैरहजर झाले.

अखेर पोळा झाला आणि काकांचा हिशेब बघायला येण्याचा दिवस उजाडला. सर सकाळीच नांदेडहून आले होते. काका यायच्या आधी अप्पांनी सरांना बाजूला घेतलं. अप्पांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. ते म्हणाले, "सर, आजच्या दिवस त्या सोयऱ्यांच्या आर्डरी आत घाला. दादाला आकडा मोठा दिसू द्या. उद्या काढा वाटलं तर. माझं दुकान हाय हो हे."

सरांचे डोळे भरून आले होते, ते मी बघितलं. पण ते म्हणाले, "अप्पा, तुम्ही म्हणाल तर मी तुमच्या दादांच्या पाया पडतो. ही गवाही मात्र देणार नाही."

त्या क्षणी मला सर नकोसे झाले. एक दिवसाचा तर प्रश्न होता. कुणाचं काय बिघडणार होतं? आज इतक्या दिवसांनी वाटतं, तसं त्यांनी केलं असतं तर मी त्यांना मनातल्या मनात कायमचं गैरहजर मांडलं असतं. पण ते आजचं शहाणपण. तेव्हा मी नुसती त्यांच्या त्या गळ्यापर्यंत लावलेल्या गुंडीकडं बघत राहिले.

काका आले. चहा झाला. सर लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि सांगायला लागले. फोनची गोष्ट सांगितली, बैल मागणाऱ्यांची सांगितली, काका गालात हसले. मग सरांनी आकडा दाखवला. लहानसाच आकडा होता. सोयऱ्यांच्या उडीनंतर पडलेला खड्डा आणि त्यातून बाहेर येताना शेवटी शेवटी थोडा चढ, एवढंच. सर म्हणाले, यात आमच्या चाचणीच्या ऑर्डरी नाहीत, आणि सोयऱ्याधायऱ्यांनी मायेपोटी घेतलेल्याही नाहीत. त्या मी काढल्या. अप्पांनी मान खाली घातली.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी सरांना विचारलं, "धर्माबादची बी काढली का?"

मला काही कळेना. धर्माबादला काकांचे जावई असतात, मिरचीच्या अडतीत कामाला. त्यांच्याकडं कुठला बैल?

"काढली," सर म्हणाले. "फोन केला तेव्हा जावईबापू म्हणाले, सासऱ्यांनी सांगितलंय नाव घेऊ नका. म्हणून मी इथं कुणाला बोललो नाही."

अप्पा काकांकडं बघत होते. दुकान बंद करा म्हणणारा त्यांचा थोरला भाऊ. मोबाइलवाल्याला होकार द्यायला निघालेला.

काकांनी सरांना एकच विचारलं, की मग या उरल्यात त्या सगळ्या परक्यांच्या? सर म्हणाले, सगळ्या परक्यांच्या, आणि सगळ्यांच्या दावणीला बैल आहेत, मी विचारलंय. काका म्हणाले, मग ऱ्हाऊ द्या दुकान. मोबाइलवाल्याला मी सांगतो.

एवढं बोलून ते उठायला लागले तेव्हा अप्पांना आवाज फुटला. "दादा, तुमी कशाला मागवलं? मला सांगायचं की."

काका पायात चपला सरकवत होते. वर न बघताच म्हणाले, "तुला सांगून मागवलं असतं तर तू फुकट दिलं असतंस."